दोन लुगड्यांएवढी जागा

नवऱ्याने ते धूड विकत घेतलं तेव्हा मी तीन दिवस त्याच्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी बोलले, तेही भांडायला. मस्कतमध्ये आम्हाला बावीस वर्षं झाली. दोघंही इंजिनिअर, दोघांनाही नोकऱ्या, मुलगी शिकायला परदेशी गेलेली. या वयात शहाणी माणसं गुडघ्यांना तेल लावतात आणि पुण्यात फ्लॅट बघतात. आमच्या यजमानांनी मायदेशी परत निघालेल्या एका जर्मन जोडप्याकडून चाकांवरचं घर घेतलं. आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी, बाथरूम, सगळं. बाहेरून पांढरी, चौकोनी गाडी, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरचा भाग पुढे आलेला. माकडटोपी कपाळावर ओढून बसलेल्या म्हाताऱ्यासारखी दिसायची.

अल हैलला आमच्या बिल्डिंगमागे पत्र्याची शेड आहे, तिच्याखाली ती उंचीने मावेना. रस्त्याच्या कडेला लावली तर शेजाऱ्यांच्या तीन गाड्यांची वाट अडायची. शेवटी गाला या गॅरेजांच्या भागातल्या एका ओळखीच्या गॅरेजच्या आवारात तिची सोय झाली. तिथला केरळी मिस्त्री तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "मॅडम, इंजिन फर्स्ट क्लास है. लेकिन इसको लेके किधर जायेगा?"

माझाही प्रश्न तोच होता. नवरा म्हणाला, "अगं, ओमानमध्ये जागेला काय तोटा? निम्मा देश रिकामा पडलाय."

उचलली जीभ लावली टाळ्याला. रिकाम्या देशात आठ मीटर लांबीची गाडी उभी करायला जागा शोधणं म्हणजे काय, ते पुढचे अडीच महिने आम्हाला कळणार होतं.

आता आईबद्दल सांगायला हवं, कारण हा सगळा खटाटोप तिच्यासाठी होता. माझी आई कोकणातली, समुद्राकाठच्या गावातली. वय अठ्ठ्याहत्तर. वडील गेल्यापासून तिथे एकटी राहते, आणि दोन-तीन वर्षांनी एकदा व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे येते. पहिल्या दोन खेपांना ती घराबाहेर पडलीच नाही. मत्रहचा बाजार नको, किल्ला नको, मॉलसुद्धा नको. मी चिडायचे. इथवर विमानाने यायचं आणि चार भिंतींत बसायचं, तर गावचं घर काय वाईट होतं, असं तोंडावर म्हणायचे. ती हसून सांगायची, "तुला बघायला आल्ये, तुझा देश बघायला नाही."

तिने मागितलेली गोष्ट एकच. एकदा संध्याकाळी चहा पिताना तिने जावयाला विचारलं होतं, "तुमच्याकडे सूर्य समुद्रात बुडतो, की समुद्रातून वर येतो?"

नवऱ्याला असे प्रश्न फार आवडतात. त्याने फोनवर नकाशा उघडून दाखवला. "पूर्वेच्या टोकाला, सूर गावाच्या पुढे, समुद्रातून वर येतो, आई. आणि समुद्र तोच. तुमच्या अंगणासमोरचा."

आई नकाशाकडे बघत राहिली. "म्हणजे आमच्या पाण्यात बुडतो आणि त्याच पाण्यातून इथे वर येतो?" ती पुटपुटली. मग म्हणाली, "ते एकदा बघायला हवं हो." आईच्या तोंडून 'मला हवं' हे मी आयुष्यात क्वचितच ऐकलंय. पण तिकडे जायचा विषय काढला की ती पुन्हा नको म्हणायची. मला वाटायचं, म्हातारपणाचा हट्ट.

मागच्या खेपेला मी बळेबळे तिला निझवाला नेलं. दोन तासांचा रस्ता. किल्ल्यासमोर गाडीतून उतरताना तिला भोवळ आली. दवाखान्यात कळलं की सकाळपासून तिने पाण्याचा थेंब घेतलेला नव्हता. घरी आल्यावर स्वयंपाकघरात, दार लोटून घेऊन, तिने मला सांगितलं.

"पिशवीचं ऑपरेशन झाल्यापासून लघवी धरवत नाही गो. अर्ध्या-अर्ध्या तासाला जावं लागतं. आता जावयाला दर अर्ध्या तासाने सांगू काय, गाडी थांबवा म्हणून? आणि इथे आडोसा तरी कुठे, झाड नाही की झुडूप नाही."

"मग मला सांगायचंस!"

"तुला सांगितलं की तू त्यांना सांगणार. एकच ना ते."

जावई दारात आला की पदर सारखा करणारी तिची पिढी. त्याच्यासमोर ती कधी पाय पसरून बसली नाही, कधी दुसऱ्यांदा भात मागून घेतला नाही. आणि मी इतकी वर्षं तिला हट्टी म्हणत होते. मला माझाच इतका राग आला की मी भांडी आपटत घासली. नवऱ्याला सांगितलं तर तो नुसतं "हं" म्हणाला. पुढे दोन वर्षं त्या विषयावर आमच्यात एक शब्द नाही.

या खेपेला आई नोव्हेंबरमध्ये आली. दुसऱ्याच दिवशी हा तिला गाल्याला घेऊन गेला, मीही धुसफुसत मागे गेले. त्याने गाडीचं दार उघडलं, तिला हात धरून वर घेतलं, आणि पलंग नाही, ओटा नाही, सगळ्यात आधी आतलं एक अरुंद दार उघडून दाखवलं. "आई, हे बघा. स्वच्छ आहे. आतून कडी लागते." एवढं बोलून तो खाली उतरला आणि टायर तपासायला लागला, जणू टायरसाठीच तो इथे आला होता.

माझा तीन दिवसांचा अबोला आणि नंतरची सगळी भांडणं त्या अरुंद दारापाशी संपली. आई बराच वेळ आत होती. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "हवेशीर आहे हो." एवढंच.

व्हिसा जानेवारीअखेरपर्यंत होता. तोपर्यंत या गाडीला, पूर्वेकडे तोंड करून, एक रात्र उभं राहता येईल अशी जागा शोधायची होती. सोबत पाणी, जवळपास माणसं आणि समोर मोकळा समुद्र.

नवरा मिस्त्रीला मापं सांगत होता, लांबी आठ मीटर वीस, रुंदी दोन मीटर तीस. आई पायरीवर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "म्हणजे दोन लुगडी."

आम्ही हसलो. पण तिने पिशवीतून खरंच दोन जुनी नऊवारी काढली, एक जांभळं, एक मोरपंखी. इथे बसल्याबसल्या गोधडी शिवायची म्हणून आणलेली. गॅरेजच्या आवारात आम्ही ती गाडीच्या कडेने अंथरली. पुढच्या बंपरपाशी एक टोक धरलं, तर पदर शेपटाला लागून चार बोटं उरला. दोन लुगडी शेजारी शेजारी ठेवली, तर रुंदीही तंतोतंत. मी इंजिनिअर आहे, मापांचं मला अप्रूप नाही. तरी त्या दिवशी मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. मिस्त्रीने तर आणखी दोघांना बोलावून दाखवलं.

तेव्हापासून आमची पद्धत ठरली. शुक्रवार-शनिवार सुट्टी, तेव्हा आम्ही दोघांनी छोट्या गाडीने जायचं, जागा आवडली की लुगडी अंथरायची, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, आणि लांब जाऊन बघायचं. मेजरिंग टेप नुसता आकडा सांगतो. लुगडी अंथरली की गाडीच तिथे झोपल्यासारखी दिसायची. फांदी आड येते का, वळायला जागा आहे का, सगळं एका नजरेत कळायचं.

सुरुवात शहरातल्या बागांपासून केली. समुद्राकाठच्या सुंदर बागा, हिरवळ, झोपाळे. पण गेटवर उंचीचा लोखंडी दांडा. आमच्या धुडाचं डोकं त्याच्या हातभर वर. माळी बांगलादेशी होता. त्याने फोटो बघितला आणि "बड़ा गाड़ी ममनू," म्हणून सांगून पाइप उचलून पुढे गेला. मोठ्या गाडीला मनाई.

मग, तिथून पहाटे समुद्र तासाभरात गाठता येईल म्हणून, डोंगरातल्या एका वादीत गेलो. वादी म्हणजे कोरडं नदीपात्र. तिथे खजुराच्या बागेला लागून लोकांना मुक्कामाला मोकळी केलेली सपाट जागा होती, गार सावली, जवळच हिरवंगार पाणी साठलेलं. आम्ही लुगडी अंथरली, ऐसपैस बसली. मी तर मनात चूलही मांडली. तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारा ओमानी आला. कपड्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. काठी उचलून वर दाखवलं. आमच्या डोक्यावरच्या बाभळीसारख्या झाडाच्या शेंड्याला वाळकं गवत, प्लास्टिकच्या पिशव्या आणि एक रबरी चप्पल अडकली होती.

"पानी," तो हिंदीत म्हणाला. "इधर तक."

वर निरभ्र आकाश, खाली सुकलेले गोटे, आणि पाण्याची खूण आमच्या गाडीच्या टपापेक्षाही उंच. मी त्या चपलेकडे बघत राहिले. कधीतरी दूर डोंगरात पाऊस पडला असणार आणि हे सगळं, आम्ही उभे होतो ते सगळं, नदी झालं असणार. म्हाताऱ्याने काठी बाजूला ठेवून लुगड्याचं एक टोक धरलं, मी दुसरं. दोघांनी मिळून घडी घातली, टोकाला टोक, मग जवळ येऊन पुन्हा टोकाला टोक. कोणाला काही शिकवावं लागलं नाही.

एका किनारी गावच्या बागेत तर चक्क मुक्कामाच्या आखलेल्या जागा होत्या, प्रत्येकीच्या कडेने पांढरे दगड. आमच्या लुगड्याचा पदर मात्र दगडांच्या बाहेर, लोकांच्या चालायच्या वाटेवर. मी तो आत घ्यायचा खुळा प्रयत्न करत होते, तर शेजारी कोळशाच्या शेगडीवर मांस भाजत बसलेल्या कुटुंबातल्या दोघी उठून आल्या. एकीने काठाला हात लावून विचारलं, "बिकम?" केवढ्याला दिलं म्हणून. त्यांना वाटलं, आम्ही कापड विकायला बसलोय. सांगितल्यावर इतक्या हसल्या की आम्हाला कहवा आणि खजूर घेतल्याशिवाय सोडलं नाही. नवऱ्याने दहा खजूर खाल्ले. जागा मात्र मिळाली नाही.

हळूहळू आम्ही शहाणे झालो. 'इथे कॅम्पिंग चालतं का' हा प्रश्न निरुपयोगी, कारण चालतं सगळीकडेच. विचारायचं असं, की शाळेच्या सहलीची बस कुठे वळते? पाण्याचा टँकर कुठपर्यंत येतो? जिथे टँकर पोचतो तिथे आम्ही पोचणार. या एका प्रश्नावर माळी, मच्छीमार, पेट्रोल पंपावरची माणसं, सगळी खुलून बोलायची.

असं विचारत विचारत डिसेंबरमध्ये आम्ही सूरच्याही पुढे, एका कोळीवस्तीपाशी पोचलो. तिथे एक लहानशी सार्वजनिक बाग आहे. चार झोपाळे, नळ, संडास, आणि बाहेर बस वळेल एवढं मोकळं आवार. पण बागेची भिंत नेमकी पूर्वेला. भिंतीच्या पलीकडे मात्र पांढरीशुभ्र, सपाट जमीन पसरलेली, तिच्या टोकाला वाळूची बुटकी टेकडी, आणि टेकडीपलीकडे समुद्र. वाट टेकडीला वळसा घालून थेट पाण्याच्या तोंडाशी जायची. तिथे आम्ही लुगडी अंथरली. चारी बाजूंनी जागा उरली. नवऱ्याने मधोमध उभं राहून तीन उड्या मारल्या. "दगड आहे, दगड!"

मग त्याने फोनवरचा नकाशा काढला आणि बोटाने समुद्रावरून एक रेघ ओढली. जानेवारीत सूर्य तिथे जरा दक्षिणेकडे सरकून उगवतो. त्या दिशेने सरळ रेघ ओढली तर ती मध्ये कुठेही जमिनीला न टेकता आईच्या गावाच्या किनाऱ्याला लागत होती. मी पुन्हा पुन्हा ती रेघ ओढून बघितली. दर वेळी ती तिथेच जात होती.

घरी येऊन आईला फोटो दाखवले. तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला. "जमीन पांढरी कशाने गो? हे खाजण नव्हे ना?"

खाजण म्हणजे कोकणातली भरतीच्या पाण्याने खारावलेली जमीन. वरून कोरडी, आत चिखल. आम्ही दोघंही हसलो. "आई, वाळवंट आहे ते," नवरा म्हणाला. मी वर आणखी म्हटलं, "तुला सगळीकडे तुझं गावच दिसतं."

आईचं विमान मंगळवारचं होतं. त्याआधीच्या शुक्रवारी सकाळी निघालो. मध्ये दोन दिवस रिमझिम झाली होती, ओमानमध्ये तेवढ्यानेही माणसं आनंदाने वेडी होतात, आम्हीही झालो. आई खिडकीशी बसली. मी तिच्या हातात पाण्याची बाटली दिली, तर तिने ती घटाघट अर्धी संपवली. प्रवासात पाणी पिताना मी तिला पहिल्यांदाच बघत होते. मध्ये मध्ये उठून, पलंगाचा आधार घेत, ती मागे जाऊन यायची. नवरा तेवढ्यापुरती गाडी सावकाश चालवायचा, आणि ती पुन्हा बसली की वेग वाढवायचा.

डोंगर सुरू झाले. तपकिरी, करडे, कुठे लालसर, कुठेच एक पान नाही. आई डोळ्यांची पापणी न लवू देता बघत होती. रोज दिसतं ते माणूस बघत नाही, तसं आमचं झालेलं. तिच्या शेजारी बसून मला ते डोंगर पुन्हा दिसायला लागले.

"इथे डोंगरांना कपडे घातलेच नाहीत गो कोणी," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, "तरी कसे ताठ उभे आहेत बघ."

चारच्या सुमारास पोचलो. बाग मागे टाकून त्या पांढऱ्या जमिनीवर गाडी घातली, आणि टेकडीच्या वळणाच्या बरीच अलीकडे मागची चाकं खाली बसली. नवऱ्याने ॲक्सिलरेटर दाबला, ती आणखी बसली. वरचा पांढरा पापुद्रा फुटून आतून काळा चिखल वर आला होता. गाडी एका अंगाला कलली, ओट्यावरचा डबा घरंगळत आईच्या पायाशी आला.

आईने खिडकीतून खाली बघितलं. "खाजण," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं.

दोन इंजिनिअर. आठ मीटर वीस मोजलं, दोन मीटर तीस मोजलं, आणि पाच टन विसरलो. लुगड्याला वजन नसतं, हे कुठल्याही शाळकरी पोराला कळलं असतं. मी नवऱ्यावर ओरडले, मग रडकुंडीला आले. होड्या ओढून ठेवणारे कोळी आले, त्यांच्यातला वयस्कर माणूस वाकून चाकं बघून म्हणाला, "बुकरा. कल ट्रॅक्टर. मा फी मुश्किल, इन्शाल्ला." उद्या ओढून काढू, काळजी करू नका. पण उद्या ट्रॅक्टर येणार होड्या परत आल्यावर, उन्हं वर आल्यावर. तोवर आमच्या आणि सूर्याच्या मध्ये ती बुटकी टेकडी. समुद्र ऐकू येत होता आणि दिसत नव्हता. मंगळवारी आई जाणार, आणि पुन्हा येण्याइतकी ताकद तिच्यात असेल की नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

"चालत जाऊ," आई म्हणाली.

"आई, वाळूतून अर्धा तास लागेल तुला."

तिने त्या अरुंद दाराकडे एकदा बघितलं. "जाऊ," ती पुन्हा म्हणाली.

पहाटे फटफटायच्या आधी तिने जांभळं लुगडं झटकलं. कुठकुठल्या नदीपात्रांची आणि बागांची माती त्यातून उडाली. मग कलत्या गाडीत, एका हाताने ओट्याला धरून, तिने ते काष्टा घालून नेसलं. गाऊनमध्ये वाळूत पाय अडतात म्हणून. दहा वर्षांत मी तिला नऊवारीत बघितलं नव्हतं. ती एकदम उंच दिसायला लागली. मोरपंखी लुगडं मी खाली अंथरून बसायला म्हणून खांद्यावर टाकलं, आणि आम्ही निघालो.

निम्म्या वाटेवर ती थांबली. मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मला कळलं. मागे गाडी लांब पडलेली, पुढे टेकडी, आकाश तांबूस व्हायला लागलेलं. आसपास गुडघाभर उंचीचं झुडूपही नाही. आई खाली मान घालून मला म्हणाली, "मी मागे जात्ये. तुम्ही दोघं व्हा पुढे. तू बघ आणि मला सांग."

माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत नवऱ्याने माझ्या खांद्यावरचं लुगडं ओढून घेतलं. एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं घेऊन तो आईभोवती वळसा घालून चालत गेला, खालचा काठ वाळूला टेकेल असं ते छातीपाशी ताणून धरलं, आणि आमच्याकडे पाठ फिरवून मोठमोठ्याने बोलायला लागला. "अगं, ट्रॅक्टरला दोर कुठे बांधायचा ते ठरवायला हवं. पुढे हूक आहे, पण तो जर्मन लोकांनी नीट वेल्ड केलाय की नाही देव जाणे." वाऱ्याने लुगडं फुगलं. तो हुकाबद्दल बोलत राहिला, मग टायरबद्दल, मग डिझेलबद्दल. मीही पाठ फिरवून माझं टोक ताणून धरून उभी होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता. बावीस वर्षं मी या माणसाशी भांडत आलेय. त्या क्षणी मला तो जगातला सगळ्यात थोर माणूस वाटला, आणि हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

लुगड्यामागून आवाज आला, "झालं हो." आणि मग, थेट त्याला, "हात भरून आले असतील तुमचे."

"नाही आई. आठ मीटर आहे, दोघांनी वाटून घेतलंय."

आई हसली. खळखळून, तोंडावर पदर न घेता. तिचं ते हसू मी जावयासमोर कधी ऐकलं नव्हतं. टेकडी चढताना तिने त्याचाच हात धरला.

वर पोचलो आणि समुद्र दिसला. करडा, शांत, कुठेच काही नाही. मग जिथे पाणी संपतं तिथे एक तांबडी कड आली. ती रुंद झाली. सूर्य गोल नव्हताच, बुडाशी चपटा, पाण्याला चिकटलेला, पाणी त्याला सोडत नसल्यासारखा. त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येत होतं. मग तो पाण्यापासून सुटला आणि एकदम केवढा तरी मोठा, गोल, समोर उभा राहिला. एवढं मोठं काहीतरी रोज घडतं आणि आपण तेव्हा अलार्म बंद करून कूस बदलतो.

"आई," नवरा हळूच म्हणाला, "तुमचं गाव बरोबर त्याच्या खाली आहे. रेघ ओढली तर."

आईने हात जोडले होते. ओठ हलत होते. कुठलं स्तोत्र म्हणतेय म्हणून मी कान दिला, तर ती सूर्याशी बोलत होती. "पोचतोस हो," म्हणत होती. "पोचतोस."

मग माझ्याकडे वळली. "रोज दिवेलागणीला हा बुडायला लागला की मी अंगणात उभी राहत्ये. याला सांगत्ये, आता तिकडे जा, माझ्या लेकीकडे बघ. तू गेलीस तेव्हापासून सांगत्ये. ऐकतो की नाही, पोचतो की नाही, कोण सांगणार? एकदा बघायचं होतं."

पृथ्वी फिरते, सूर्य कोणाकडून कोणाकडे जात नाही, हे मला शाळेपासून पाठ आहे. आईचं चुकलेलं मी नेहमी दुरुस्त करते, ती माझी खोड आहे. त्या दिवशी केलं नाही. या देशात आल्यापासून मी सूर्याला शिव्याच घालत आले. खिडक्यांना जाड पडदे लावले, काचांना काळी फिल्म लावली, उन्हाळ्यात गाडीच्या स्टीअरिंगला हात भाजला की त्याचा उद्धार केला. आणि समुद्रापलीकडे एक बाई त्यालाच रोज सांगून माझ्याकडे पाठवत होती.

दहाच्या सुमारास ट्रॅक्टर आला. पाच-सहा कोळ्यांनी "यल्ला, यल्ला" करत गाडी ओढून काढली, हूक जर्मन लोकांनी नीटच वेल्ड केलेला निघाला. परतीच्या वाटेवर आईने डोंगरांच्या मध्येच पुढे होऊन सांगितलं, "जरा थांबवा हो, खाली उतरून बघत्ये." गाडी थांबली, ती उतरली, आणि कंबरेवर हात ठेवून मनसोक्त डोंगर बघून परत आली.

मंगळवारी ती गेली. लुगडी इथेच राहिली. धूड गाल्यात उभं आहे, पुढच्या हिवाळ्याची वाट बघत.

कोकणात सूर्य बुडतो तेव्हा आमच्याकडे पाचचा सुमार असतो आणि मी ऑफिसात असते. टेबलावर फोन एकदाच वाजतो आणि बंद होतो. आईचा मिस्ड कॉल. निघाला. घरी आल्यावर मी बेडरूमचे जाड पडदे आता ओढून घेत नाही. सकाळी उन्हाची तिरीप उशीपर्यंत येते, तेव्हा अंथरुणातूनच फोन उचलते, तिचा नंबर लावते, एक रिंग जाऊ देते आणि ठेवते. पोचला.